यात्रेच्या जुन्या गाडीची नोंदणी व निगा

टेंभुर्णीहून सहकुटुंब कचनेर, शिरपूर वा मांगीतुंगीला निघायचे, तर सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि गाळलेले पाणी यांची सोय गाडीतच असलेली बरी. जुन्या मॅटॅडोरमध्ये शेगडी, पाण्याची टाकी व झोपण्याच्या फळ्या बसविल्या की ती साधते. 1969 पासून पुण्यात तयार झालेल्या या गाड्यांपैकी पहिल्या पहिल्या आता पन्नाशी ओलांडून गेल्या. त्यामुळे ‘व्हिंटेज’ नोंदणीचा मोह होतो. तो आवरावा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी मूळ सांगाडा अबाधित लागतो, शुल्क 20,000 रुपये, आणि गाडी नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढीच मुभा. यात्रा त्यात बसत नाही. साधी नोंदणीच हरित कर भरून दर पाच वर्षांनी नूतन करावी आणि आतील बदल परिवहन कार्यालयाच्या संमतीनेच करावेत.

खरी हानी चातुर्मासात होते. गाडी उभी राहते, बॅटरी उतरते, पत्रा गंजतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. विष ठेवणे आपल्याकडे संभवतच नाही. छिद्रे तारेच्या जाळीने बुजवावीत व पंधरवड्यातून एकदा गाडी फिरवून आणावी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. खतावणीत घसारा वजा जाऊन गाडीची किंमत शून्य झाली असली, तरी दुरुस्तीची रक्कम दिवाळीलाच बाजूला काढावी.