कथा वाचून झाल्यावर

माळेगाव बुद्रुकला दिवाळी आणि गळीत हंगाम मागेपुढे येतात. शिवनगरला साखर कारखान्याचं बॉयलर पेटतं, नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं ऊसतोडीच्या टोळ्या खोपी घालू लागतात, आणि त्याच दिवसांत वाचनालयाच्या टेबलावर नवे दिवाळी अंक येऊन पडतात. अंक घरोघर फिरतात, कथा वाचल्या जातात, चार माणसांत त्यांच्यावर बोलणंही होतं. हे बोलणं त्या कथेच्या लेखकापर्यंत मात्र क्वचितच पोचतं. पोचलंच तर ‘कथा आवडली, लिहीत राहा’ एवढंच. वाचक कुठे रमला, कुठे अडला, कुठे त्याचा विश्वास उडाला, हे लेखकाला कधी कळत नाही.

मराठी कथेच्या वाटचालीत या देवाणघेवाणीचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा हिशेब आपण फारसा मांडलेला नाही. कथा घडते ती लेखक, संपादक आणि वाचक या तिघांच्या बोलण्यातून. ज्या काळात हे बोलणं मोकळं आणि नेमकं होतं, त्या काळात कथाही पुढे सरकली.

समोर बसलेला श्रोता

माळेगावशेजारच्या बारामतीला अशा बोलण्याची जुनी परंपरा आहे. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले, तिथेच पुराण सांगत राहिले आणि १७९४ साली तिथेच वारले. आर्या रचणारा हा पंडित कवी पुराणिकही होता, हे ध्यानात घ्यायला हवं. पुराणिकाला श्रोता समोर दिसतो. कुठे मान डोलते, कुठे जांभई येते, कुठे बायकांच्या डोळ्याला पदर लागतो, हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

दोनशे वर्षांनी हाच अनुभव मराठी कथेनं पुन्हा घेतला. माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील आणि नीरेकाठच्या अकलूजला जन्मलेले द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. गणेशोत्सवाचा मांडव, व्याख्यानमाला, कॉलेजचं स्नेहसंमेलन, जिथे बोलावणं येईल तिथे हे तिघे गेले. शंकर पाटलांची ‘धिंड’ किंवा मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ऐकायला जमलेल्या लोकांत कथासंग्रह कधी हातात न धरलेलेही पुष्कळ असत. अशा सभेत लेखकाला भिडस्त दाद मिळत नाही. विनोद पडला तर पडतो. संवाद खोटा असला तर पुढच्या रांगेतला शेतकरी शेजाऱ्याकडे बघतो, आणि कथा सांगणाऱ्याला तेवढं पुरतं. ग्रामीण कथेतल्या संवादांना जी धार आली, तिच्यात या समोरच्या श्रोत्याचा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

टपालानं आलेला वाचक

छापील कथेला वाचक दिसत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांचं ‘मनोरंजन’ १८९५ सालचं. त्यांनीच १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. कथेला घरबसल्या वाचणारा वाचक मिळाला, तो या नियतकालिकांमुळे. त्याला आपलं म्हणणं कळवायला साधनही स्वस्त होतं. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याला. पुढची शंभर वर्षं मराठी वाचकानं कौतुक, राग, शंका आणि चुका याच कार्डावर लिहून पाठवल्या.

हा वाचक किती पेटू शकतो, ते १९३३ साली दिसलं. ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं होतं. महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही बाई कोण, की बाईच्या नावामागे कुणी पुरुष आहे, यावर वाद झडले. त्या मालतीबाई बेडेकर होत्या, हे पुढे कळलं. त्या वादात कथेपेक्षा लेखकाच्या ओळखीवरच जास्त बोललं गेलं. ‘हे असं असतं का?’ हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्या काळच्या मुलींकडे होतं. त्यांतल्या कितीजणींना ते जाहीरपणे सांगता आलं असतं? वाचकाचा प्रतिसाद म्हणताना कुणाला बोलण्याची मुभा आहे, हेही पाहावं लागतं.

परदेशातलं एक उदाहरण याच जातीचं आहे. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द लॉटरी’ ही कथा ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात जून १९४८ मध्ये छापून आली. गावातले लोक दरवर्षी चिठ्ठ्या टाकून आपल्यातल्याच एकाला दगडांनी मारतात, अशी ती गोष्ट. त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेच्या वर पत्रं आली. त्यांतली जेमतेम तेरा गोड शब्दांची होती, आणि तीही बहुतेक ओळखीच्यांची. काही वाचकांनी तर अशा चिठ्ठ्या कुठल्या गावात टाकतात आणि ते बघायला जाता येईल का, असं विचारलं. जॅक्सन यांनी ती पत्रं जपली, पुढे त्यांच्यावर व्याख्यान दिलं. वाचकाचा राग हा कथेनं नेमक्या ठिकाणी बोट ठेवल्याचा पुरावाही असू शकतो, हे त्या पत्रांनी दाखवलं.

पहिला वाचक : संपादक

मराठी कथेला सर्वांत बारकाईनं वाचणारा वाचक ‘सत्यकथा’च्या कचेरीत बसत होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हे मासिक ज्या तऱ्हेनं चालवलं, ती तऱ्हा आज दुर्मीळ आहे. कथा आली की ती नुसती घेतली किंवा परत केली जात नसे. काय जमलंय, कुठे सैल झालंय, कुठला प्रसंग अजून उलगडायला हवा, हे लेखकाला कळवलं जाई. पुनर्लेखन होई, कधी एकाहून जास्त वेळा. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, माडगूळकर यांच्या पिढीची नवकथा दुर्बोध आहे, अशी तक्रार वाचक करीत असताना तिच्यामागे उभा राहिलेला हा वाचक होता.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एकाच कचेरीतल्या एका अभिरुचीनं कथा पारखली जायला लागली की त्या अभिरुचीबाहेरचं जगणं दाराशीच अडतं. साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी याविरुद्ध आवाज उठवला. राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली, आणि १९६९ साली ‘सत्यकथे’चा अंक जाळून निषेध झाला. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, तेव्हा या कथांतलं जगणं जगलेला वाचक मासिकांच्या वर्गणीदारांत फारसा नव्हता. तो वाचक उभा करावा लागला. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि त्याच्या जोडीला लेखक-वाचक मेळावे भरवले. नावातच लेखक आणि वाचक शेजारी आहेत. लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहिलं तो, दोघेही एकाच मांडवात बसले. मला हा मराठी साहित्यातला फार मोलाचा प्रयोग वाटतो. ‘सत्यकथे’नं कथा कशी वाचावी हे शिकवलं, आणि ती कुणी वाचावी हा प्रश्न ‘अस्मितादर्श’नं सोडवायला घेतला. आपल्याला दोन्ही हवेत.

पत्रांतला एकांत

जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत. सभा-संमेलनांपासून ते लांब राहिले; ‘काजळमाया’ला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो त्यांनी परत केला. वाचकांना न भेटणारा लेखक अशीच त्यांची ख्याती. पण पत्रांतून ते भरभरून बोलत. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले आहेत, आणि सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आहेत. वाचक आणि लेखक बरोबरीच्या नात्यानं बोलू लागले की काय होतं, ते या पत्रव्यवहारात दिसतं. बोलणं कथेपासून निघतं आणि पुस्तकं, चित्रं, माणसं, नियती यांच्याकडे जातं. तिथे कुणी कुणाला गुण देत नाही.

एका पत्रानं लेखकाचा रस्ता बदलल्याचं उदाहरण रशियातलं. १८८६ साली सव्वीस वर्षांच्या चेखवला ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाचं पत्र आलं. तुझ्यात मोठी ताकद आहे, ती घाईघाईत उधळू नकोस, असा त्याचा मथितार्थ. चेखवनं उत्तरात कबूल केलं की एकाही कथेवर आपण दिवसभराहून जास्त काम केल्याचं आठवत नाही. पुढे १८९२ साली त्यानंच लिडिया अविलोवा या लेखिकेला सल्ला दिला : दुःखी माणसांबद्दल लिहायचं तर स्वतः थोडं थंड राहा, म्हणजे त्यांचं दुःख उठून दिसेल. आधी नेमकं घेतलं, मग नेमकं दिलं.

माळेगावचा वाचक काय सांगू शकतो

आता ही गोष्ट जवळून पाहू. समजा, शहरातल्या एका नव्या लेखिकेनं ऊसतोडीवर कथा लिहिली आहे. त्यात असं आहे : ‘जून लागला तरी फडात तोड चालू होती. पारूनं एकटीनं ऊस तोडला, मोळी बांधली आणि ट्रकवर चढवली.’ ही कथा माळेगावच्या एखाद्या वाचकानं वाचली, तर तो काय लिहील?

‘ताई, कथा मनाला लागली. पण जूनला कसली तोड? पावसाच्या आत टोळ्या गावाकडं गेलेल्या असतात. हंगाम लांबला तरी एप्रिल, लई तर मे. आन् पारू एकटी कशी? आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल पण मुकादम जोडीवर देतो. मग तिचा नवरा कुठंय? वाढ्याचं पण तुम्ही काही लिहिलं नाही. वाढे विकून चार पैसे येतात, त्यावर रोजचं मीठमिरची भागतं.’

या चार ओळींत तीन गोष्टी आहेत. पहिली, महिन्याची चूक. ती दुरुस्त होईल. दुसरी त्याहून मोठी. ‘तिचा नवरा कुठंय?’ हा प्रश्न वाचकानं चूक दाखवायला विचारला, पण त्यातून नवीच कथा उघडते. नवरा आजारी असेल, पळून गेला असेल, मेला असेल. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दोघांची घेतलेली, फेडायची एकटीनं, आणि मुकादम आता तिला अर्धा कोयता धरणार. लेखिकेला जे दुःख विशेषणांनी दाखवावं लागत होतं, ते या हिशेबातून आपोआप दिसेल. तिसरी गोष्ट वाढ्यांची, म्हणजे चाऱ्याला विकल्या जाणाऱ्या उसाच्या शेंड्यांची. उचल कुणाच्या हातात जाते आणि वाढ्यांचे पैसे कुणाच्या, हे विचारलं की पारूच्या संसाराची आतली बाजू हाती लागते.

असा वाचक समीक्षक म्हणवून घेत नाही. त्यानं फड पाहिलेला असतो, हेच त्याचं भांडवल. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, खेड्यापाड्यांत आहेत. कापूस जाणणारा, मासेमारी जाणणारा, गिरणी पाहिलेला, अंगणवाडी चालवणारी असे वाचक त्या प्रत्येकाभोवती आहेत. मराठी कथेजवळची ही शिदोरी अजून सोडलेलीच नाही.

मोबाइलवरचा प्रतिसाद

आज कथा मोबाइलवर वाचली जाते आणि उत्तर पाच मिनिटांत येतं. ही सोय मोठी आहे. धारवाडला पत्र पोचायला दिवस लागत. आता अमेरिकेतली मराठी वाचक माळेगावच्या लेखकाला रात्रीच कळवू शकते. पण सोयीबरोबर प्रतिसाद आखूड झाला. जोडलेले हात, फुलांचा गुच्छ, ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’. नव्या लेखकाला याची गोडी लागते आणि त्याची दुसरी कथा पहिलीसारखीच होते, कारण काय बदलायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरीकडे तुटून पडणारे असतात; ते कथेऐवजी लेखकाची जात, गाव, पक्ष धरून बोलतात. विभावरी शिरूरकरांच्या वेळचीच ती खोड आहे, फक्त वेग वाढलाय. त्यात कथा पुढे पाठवताना लेखकाचं नाव गळून पडतं. मग कळवायचं ठरवलं तरी कळवणार कुणाला?

दोन्ही बाजूंचं काम

वाचकाकडून अपेक्षा फार मोठी नाही. कथा वाचताना लक्ष कुठे उडालं, कुठल्या वाक्याला विश्वास बसेना, काय नंतर दिवसभर डोक्यात राहिलं, एवढं तीन-चार ओळींत लिहावं. शेवट कसा हवा होता, हे सांगू नये. ते काम लेखकाचं. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट कथेत चुकली असेल तर ती जरूर सांगावी, कारण ती दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.

लेखकानं उत्तर देताना कथेची वकिली करू नये. वाचक अडखळला, हे खरंच असतं; तो का अडखळला याबद्दलचं त्याचं मत चुकीचं असू शकतं. अडखळण्याची जागा लेखकानं मानावी आणि इलाज स्वतः शोधावा. सगळ्यांचं ऐकून बदललेली कथा कुणाचीच राहत नाही, आणि कुणाचंच न ऐकणारा लेखक हळूहळू आपल्याच मागच्या कथा लिहू लागतो.

संपादकांनी लेखकाचा पत्ता किंवा फोन, त्याची हरकत नसेल तर, कथेखाली छापावा आणि पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांना दोन पानं द्यावीत. माळेगावसारख्या गावात हे काम याच दिवाळीत सुरू करता येईल. शारदानगरच्या शारदाबाई पवार महिला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली, कारखान्यातले कामगार, निवृत्त शिक्षक आणि जमेल तेव्हा फडावरची माणसं यांनी एका संध्याकाळी एकत्र बसावं. अंकातली एक कथा मोठ्यानं वाचावी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही मत देता येईल. बोलणं झालं की एकानं ते टिपून लेखकाला पाठवावं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून मिळतं, मोबाइल तर हातातच आहे. अशी पत्रं दरसाल शंभर गावांतून गेली, तर पाच वर्षांनी मराठी कथेतली खेडी, त्यातली बाई आणि त्यातलं काम आजच्याहून खरं असेल, याबद्दल मला शंका नाही.