नाक मोकळं झालं, तरी गोळ्या चालूच

सकाळी ८.३०
पोलादपूरकडच्या एसटी महाड स्टँडला लागल्या की आमच्या कान-नाक-घसा दवाखान्यात गर्दी होते. आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांतून आलेल्यांना परतीची गाडी गाठायची असते, म्हणून त्यांचे नंबर मी आधी घेते.

९.००
वाहणारे कान, टॉन्सिल, बिरवाडीच्या एमआयडीसीतल्या कामगारांची श्रवण तपासणी. ही कामं भराभर उरकतात.

१०.३०
पोलादपूरच्या डोंगरभागातली तिशीची बाई. बरेच महिने ‘जुनी सर्दी’ म्हणून नाकात थेंब घालतेय. दोन्ही नाकपुड्यांत घट्ट खपल्या, दुर्गंधी, मधूनच रक्त. नाकाचा शेंडा दाबला तर लाकडासारखा कडक लागतो. दुर्बिणीतून आत गाठी दिसतात. क्षयरोग, कुष्ठरोग, बुरशी, कर्करोग, सगळ्यांचा विचार करावा लागतो. माझा संशय ऱ्हायनोस्क्लेरोमावर आहे. क्लेब्सिएला जातीच्या जिवाणूमुळे होणारा हा आजार दुर्मीळ आहे आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो.

“ताई, तुकडा काढून तपासायला हवा.”

“कॅन्सर तर नाही ना, मॅडम?”

“तेच नक्की करायचंय. अंदाजाने औषध देणार नाही.”

१२.००
नाक बधिर करून तुकडे घेतले. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा कल्चरसाठी निर्जंतुक सलाइनमध्ये. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, म्हणून आजार नाही असं होत नाही. म्हणून पॅथॉलॉजिस्टसाठी चिठ्ठीत संशय स्पष्ट लिहिते: मिक्युलिच पेशी शोधाव्यात. जंतू पोटात घेऊन फुगलेल्या या पेशी हीच निदानाची मोठी खूण. १८७० मध्ये व्हिएन्नात हेब्रांनी हा आजार वर्णिला, तेव्हा त्यांना तो गाठीचा रोग वाटला होता. १८८२ मध्ये फ्रिश यांनी त्यातला जंतू दाखवला. आजही तुकडा तपासल्याशिवाय ही गफलत होऊ शकते.

दुपारी ३.००
आवाज घोगरा झालेले एक काका. ऱ्हायनोस्क्लेरोमात हे लक्षण दिसलं की मी स्वरयंत्राखालचा भागही पाहते. आजार तिथे उतरून व्रण आकसला तर श्वासाची वाट अरुंद होते, कधी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागते. काकांची वाट मोकळी आहे.

४.३०
याच आजाराचे उपचार सुरू असलेला तरुण हसतच आत येतो.

“मॅडम, श्वास मस्त येतोय. गोळ्या थांबवू?”

“नाही रे दादा. गाठी बसल्या तरी जंतू आत दडून राहतात. मध्येच सोडलंस तर आजार उलटेल.”

पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं देत. आता सिप्रोफ्लोक्सॅसिनसारख्या गोळ्या काही महिने चालतात. त्याचा पुन्हा तुकडा तपासून मगच थांबवायचं ठरलं आहे. तो सुरतला कामावर परतणार आहे. तिथेच औषध मिळावं म्हणून चिठ्ठी आणि अहवालाची प्रत देते.

सायंकाळी ६.३०
न आलेल्यांना फोन. फोन न लागलेल्यांसाठी त्यांच्या गावच्या आशाताईंना निरोप. भाडं, बुडणारी रोजंदारी, भातलावणी, यांच्यापुढे औषध मागे पडतं, हे मला माहीत आहे. म्हणून पुढची तारीख शक्यतो त्यांच्या बाजाराच्या दिवसाची देते. माझं एकच मागणं आहे: खपल्या, दुर्गंधी आणि रक्त अशी सर्दी महिनाभर हटली नाही, तर थेंबांची नवी बाटली घेण्याआधी नाक आतून तपासून घ्या.