निन्टेंडोची तिजोरी : पैसा नुसता पडून का ठेवायचा?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आजीकडे तांदळाच्या डब्यात एक पुरचुंडी असते. तिच्यात किती पैसे आहेत हे घरात कोणालाच नीट ठाऊक नसतं. "आजी, बँकेत ठेव ना, व्याज तरी मिळेल," असं म्हटलं की ती नुसती हसते. मागे कँटीनमध्ये आमच्या ग्रुपचा वाद रंगला तो अशाच एका पुरचुंडीवरून. फक्त ती आजीची नव्हती, जपानमधल्या निन्टेंडो कंपनीची होती.

निन्टेंडो म्हणजे मारिओवाली कंपनी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, ज्यांच्या कॅसेट फुंकून फुंकून आपल्या दादा-ताईंनी 'मारिओ' खेळला, त्यांतले बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ सालच्या 'फॅमिकॉम' यंत्राची नक्कल होते. ही कंपनी मात्र त्याहून कितीतरी जुनी. १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवण्यासाठी ती काढली. आज तिच्याकडे रोख आणि लगेच रोख करता येतील अशा गुंतवणुका मिळून सुमारे दोन लाख कोटी येन आहेत, आणि बँकेचं कर्ज जवळपास नाहीच. आमच्या कॉमर्सवाल्या मित्राचं म्हणणं, "पडून राहिलेला पैसा म्हणजे वाया गेलेला पैसा. एक तर धंद्यात घाला, नाही तर शेअरहोल्डरना वाटून टाका." पुस्तकाच्या हिशेबाने तो बरोबर होता. मग निन्टेंडो असं का वागते?

धंदा कोरडवाहू आहे

वीज कंपनीला दर महिन्याला बिलाचे पैसे येतात. तिचा धंदा कालव्याच्या पाण्यावरच्या शेतीसारखा. व्हिडिओ गेमचा धंदा कोरडवाहू. पाऊस पडला तर कोठार भरतं, नाही पडला तर पेरलेलंही जातं. नवं यंत्र तयार करायला चार-पाच वर्षं लागतात. ते लोकांना आवडेल की नाही, हे दुकानात गेल्याशिवाय कळत नाही. पण चिप आणि स्क्रीन यांच्या ऑर्डरी आधीच द्याव्या लागतात, कारखान्यात माल आधीच तयार करावा लागतो. म्हणजे खर्च आधी, निकाल नंतर.

निन्टेंडोचेच आकडे पाहा. २००१ साली आलेलं 'गेमक्यूब' सुमारे २ कोटी १७ लाख विकलं गेलं. २००६ चं 'वी' १० कोटींच्या वर गेलं. २०१२ चं 'वी यू' जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबलं. आणि २०१७ च्या 'स्विच'ने १५ कोटींचा टप्पा ओलांडला. कंपनी तीच, पण पीक एकदा भरघोस, तर पुढच्या खेपेला मूठभर. अशा शेतकऱ्याने चांगल्या वर्षी सगळं विकून टाकलं तर वाईट वर्षी तो पेरणार काय? बियाण्याचं धान्य खायचं नसतं, ते याचसाठी.

शेजाऱ्यांना लागलेली ठेच

१९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल दोन वर्षांत शंभर दशलक्ष डॉलरवर आली. तेव्हाची सगळ्यात मोठी कंपनी अटारी. न विकलेल्या कॅसेट तिने न्यू मेक्सिकोत ट्रक भरभरून जमिनीत पुरल्या. २०१४ साली त्या उकरून काढल्या गेल्या, तेव्हा लोकांना ही दंतकथा नाही हे पटलं.

दुसरं उदाहरण सेगाचं. 'सॉनिक' बनवणारी ही कंपनी एकेकाळी निन्टेंडोच्या तोडीस तोड होती. पण लागोपाठ यंत्रं पडली, कर्ज वाढलं आणि २००१ मध्ये 'ड्रीमकास्ट' बंद करून तिने यंत्रं बनवणंच सोडलं. ती टिकली याचं एक मोठं कारण म्हणजे तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा. त्यांनी दिलेलं कर्ज माफ केलं आणि स्वतःचे शेअर कंपनीला देऊन टाकले. त्याच वर्षी ते वारले. विचार करा, एका माणसाच्या उदारपणावर कंपनी तगली. प्रत्येक वेळी असा माणूस भेटेलच असं नाही.

वाईट वर्षं आली तेव्हा

फेब्रुवारी २०११ मध्ये निन्टेंडोने हातातलं नवं यंत्र 'थ्री-डीएस' जपानमध्ये २५ हजार येनला आणलं. खप होईना. सहा महिन्यांत किंमत १५ हजारांवर आणावी लागली. नव्या किमतीत प्रत्येक यंत्रामागे पदरचे पैसे जात होते. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला सुमारे ४३ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला. एकत्रित ताळेबंद जाहीर करायला लागल्यापासूनचा हा पहिलाच. मग 'वी यू' आपटलं. लागोपाठ तीन वर्षं मूळ धंदा तोट्यात, सगळं मिळून साधारण १२० अब्ज येन.

आता गंमत अशी की या तीन वर्षांनंतरही तिजोरीत सुमारे ८०० अब्ज येन होते. म्हणून काय करता आलं? तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांच्यावर नोकरकपातीचा दबाव होता. २०१३ मध्ये भागधारकांच्या सभेत त्यांनी सांगितलं, की आकडे चांगले दिसावेत म्हणून माणसं काढली तर उरलेल्यांचं मनोधैर्य खचेल, आणि उद्या आपली नोकरी जाईल या भीतीत काम करणारी माणसं जगाला आनंद देणारा खेळ बनवू शकतील असं मला वाटत नाही. त्यांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये काही महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला.

पण नीट पाहिलं तर त्या निम्म्या पगाराने तोटा भरून निघणार नव्हता. तो भरून निघाला तिजोरीतून. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इवातांकडे चांगुलपणा होता, आणि तो परवडेल एवढा पैसाही होता.

याच काळात 'झेल्डा' मालिकेतला नवा खेळ तयार होत होता. तो आधी २०१५ मध्ये यायचा होता. कंपनीने तो दोनदा पुढे ढकलला आणि मार्च २०१७ मध्ये 'स्विच'बरोबर आणला. कर्जाचे हप्ते डोक्यावर असते तर अर्धाकच्चा खेळ विकावा लागला असता. उसंत ही विकत घ्यावी लागते. इवातांना मात्र हे यश पाहता आलं नाही. जुलै २०१५ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते गेले.

दुसरी बाजू

आमच्या मित्राचं म्हणणं पूर्ण चूक आहे असं मात्र नाही. शेअरहोल्डर विचारतातच, की आमचा पैसा झोपवून का ठेवता? शिवाय रोख पैसाही अगदी सुरक्षित नसतो. निन्टेंडोची बरीच विक्री परदेशात, म्हणून बराच पैसा डॉलर-युरोत. २०११ च्या सुमारास येन महाग झाला, तेव्हा हातातल्या त्याच डॉलरचे येन कमी झाले. नुसत्या विनिमय दरामुळे मोठा फटका बसला.

आणि तिजोरी भरली म्हणजे माणसं वाचतातच असंही नाही. २०१४ मध्ये निन्टेंडोनेही जर्मनीतलं एक ऑफिस बंद केलं, तिथल्या शंभराहून जास्त नोकऱ्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातले १९०० लोक कमी केले, आणि त्या कंपनीकडे पैशाची टंचाई कोण म्हणेल? म्हणजे साठा निर्णय घेत नाही, माणसं घेतात. साठा फक्त एवढंच करतो, की निर्णय घेणाऱ्याला "माझा नाइलाज होता" असं म्हणायची वेळ येऊ देत नाही.

वर्षा-दोन वर्षांत आपण नोकरीच्या मुलाखतींना जाणार. पगार किती, हे सगळेच विचारतात. जमलं तर कंपनीचा ताळेबंदही उघडून बघा. कर्ज किती, हातात किती, आणि मागच्या वाईट वर्षी त्यांनी काय केलं? तो वाद त्या दिवशी मिटला नाही, चहा मात्र थंड झाला. घरी गेल्यावर मी आजीला पुरचुंडीबद्दल पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "अरे, व्याजासाठी नाहीच ती. अडीनडीला कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून आहे."