गर्भातील मेंदूची घडण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंडे उबवणीस ठेवल्यापासून एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते, हे कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध असलेल्या नवापुरात कोणास सांगावे लागत नाही. परंतु दुसऱ्याच दिवशी त्या गर्भाची मज्जानलिका मिटू लागते आणि तिच्या अग्रभागी मेंदूचे तीन कप्पे आकारास येऊ लागतात, याकडे क्वचितच लक्ष जाते. हे कार्य जनुकांच्या नियमनाने चालते, आणि त्याविषयीचे तीन गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे.

गैरसमज: मेंदूच्या पेशींतील जनुके यकृताच्या पेशींहून निराळी असतात.

वस्तुस्थिती: काही अपवाद वगळता, प्रत्येक पेशीजवळ प्रथिने घडविणाऱ्या सुमारे 20,000 जनुकांचे तेच दप्तर असते, मात्र तहसील कचेरीत सर्व दस्तऐवज असूनही ज्याविषयी हुकूम सुटतो त्याचीच बजावणी व्हावी, तसे नियामक प्रथिने डीएनएवर ज्या ठिकाणी जोडली जातात तेथील जनुकेच जागी होतात किंवा दबली जातात.

गैरसमज: जनुकाचे कार्य एकदा ठरले की ते सर्वकाळ सारखेच राहते.

वस्तुस्थिती: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भांवर केलेल्या, 2008 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, ‘एलएचएक्स-2’ या जनुकाचा अंमल असेल तर पूर्वज पेशी मेंदूच्या बाह्यकाकडे वळतात, आणि तो आरंभीच उठला तर त्याच पेशी सूत्रधार बनून शेजारच्या पेशींना स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पसचे रूप देतात. परंतु आरंभीचा तो काळ उलटल्यावर तेच जनुक काढून टाकले, तरी हा परिणाम घडत नाही.

गैरसमज: सारे जनुकांत लिहिलेलेच असल्यामुळे आईने आधीपासून काळजी घेण्यात अर्थ नाही.

वस्तुस्थिती: मानवी गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे पुष्कळदा स्त्रीस चाहूल लागण्यापूर्वीच, मिटते, आणि ज्यांच्या पूर्वीच्या गर्भात ती नीट न मिटल्याचा दोष आढळला होता अशा मातांवरील 1991 च्या ब्रिटिश चाचणीत फॉलिक आम्लाने त्याची पुनरावृत्ती 72 टक्क्यांनी घटली. सर्वसाधारण स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. पूर्वी असा दोष आढळलेल्या मातेने अधिक मात्रेविषयी डॉक्टरांस विचारावे. म्हणून फॉलिक आम्लाची गोळी दिवस गेल्यानंतर नव्हे, मूल हवे असे ठरताच घरात आली पाहिजे.