विश्लेषण : कॅम्परव्हॅन घेऊन भंडारदऱ्याला निघालात? घाट चढण्याआधी हे वाचा

शाळांना सुट्टी लागली की पुणतांबा, राहाता, शिर्डी परिसरातल्या अनेक कुटुंबांची पावले भंडारदऱ्याकडे वळतात. आता हॉटेलऐवजी झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडीच भाड्याने घेण्याचा पर्याय आहे. पण सपाटीवर आरामदायी वाटणारी ही गाडी घाटात वेगळी वागते. नेमके काय लक्षात ठेवायचे?

मार्ग कसा आहे?

पुणतांब्याहून राहाता, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी असा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास आहे. संगमनेरपर्यंत रस्ता बहुतांशी सपाट. खरी परीक्षा अकोल्याच्या पुढे. धरणाभोवतीचा रतनवाडी, साम्रद, घाटघरचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. मोठी गाडी शेंडीतच लावून पुढे स्थानिक जीपने जाणे शहाणपणाचे.

डोंगरात खरेच थंड असते का?

वाटते तेवढे नाही. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी कमी होते. पुणतांबा सुमारे ५०० मीटरवर, भंडारदरा सुमारे ७५० मीटरवर. म्हणजे निव्वळ उंचीमुळे फरक पडतो तो जेमतेम दीड-दोन अंशांचा. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर थंड असेल, पण गाडी तिथे जात नाही. दुपारी उन्हात उभी केलेली पत्र्याची गाडी भट्टीसारखी तापते. त्यामुळे सावली आणि वारा बघूनच जागा निवडा.

एसी रात्रभर चालेल?

साधा हिशेब करा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे ६०० वॉट-तास. ३० वॉटचा पंखा रात्रभर, दहा तास चालला तरी ३०० वॉट-तास लागतात. एक टनाचा एसी मात्र तेवढीच बॅटरी तासाभराच्या आत संपवतो. एसी हवा असेल तर बाहेरून वीजजोडणी मिळेल अशीच जागा शोधा.

उताराचा धोका किती?

सर्वांत मोठा धोका हाच. साडेतीन टनांची गाडी ४०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ३.८ युनिट ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत ४५ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. ही सगळी उष्णता फक्त ब्रेकवर टाकली तर ते तापतात आणि पकड सुटते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवण्याचा मोह टाळा. ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका.

वजनाचाही विचार हवा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. टपावर सामान चढवले की गाडी वळणावर जास्त झुकते. जड वस्तू खाली, तळाशी ठेवा.

कायदा काय सांगतो?

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅरॅव्हॅन आणि वीज, पाणी, स्वच्छतागृहाची सोय असलेले कॅरॅव्हॅन पार्क असे दोन भाग आहेत. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी एलएमव्ही परवान्यावर चालवता येते. मात्र जुन्या टेम्पोत परस्पर पलंग, ओटा बसवून घेणे महागात पडू शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशील बदलणारा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. भाड्याने घेताना आरसीवर गाडीचा प्रकार आणि विम्याची मुदत तपासा.

मुक्कामी काय पाळायचे?

गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा. झोपण्यापूर्वी सिलिंडर बंद करा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर गॅस खाली, बिछान्याच्या पातळीवर साचतो. बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणे जीवघेणे आहे.

भंडारदऱ्याच्या वरचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मेअखेरीस काजव्यांचा हंगाम सुरू होतो. काजवे एकमेकांना प्रकाशाने ओळखतात, त्यामुळे हेडलाइट आणि टॉर्चचा झोत त्यांच्या मीलनात अडथळा ठरतो. वनखात्याचे त्या काळातले नियम आधी पाहून घ्या.

आणि शेवटचे, सांडपाण्याचे. गाडीची टाकी ओढ्यात किंवा धरणाच्या काठी रिकामी करू नका. उन्हाळ्यात इथल्या वाड्या-वस्त्यांवर हंड्याहंड्याने पाणी भरले जाते. हेच पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे येते. जाताना घरून पाणी भरून न्या. टाकी मात्र सोय असेल तिथेच रिकामी करा.