जहाज बुडालं तर जबाबदार कोण? ब्रिटिश नौदलातल्या ‘कंट्रोलर’ पदाची गोष्ट

युद्धनौका म्हटलं की आपल्याला ॲडमिरल आठवतो, कॅप्टन आठवतो, फार तर तोफा आठवतात. पण ती नौका किती रुंद असावी, तिचं चिलखत किती जाड असावं, इंजिन कुठलं बसवावं आणि नवीन शोध लावलेली एखादी वस्तू तिच्यावर चढवावी की नाही, हे नक्की कोण ठरवतं? ब्रिटिश नौदलात या प्रश्नाचं उत्तर बराच काळ एकाच खुर्चीत बसलेलं होतं. त्या खुर्चीचं नाव ‘कंट्रोलर ऑफ द नेव्ही’, उर्फ थर्ड सी लॉर्ड.

आधी ही ‘सी लॉर्ड’ भानगड समजून घेऊ. ब्रिटिश नौदलाचा कारभार ॲडमिरल्टी नावाचं मंडळ बघायचं. त्यात राजकारणी मंत्री असायचा, तो फर्स्ट लॉर्ड. त्याच्या हाताखाली गणवेशातले अधिकारी, ते सी लॉर्ड (१९०४ पर्यंत त्यांना नेव्हल लॉर्ड म्हणत). ढोबळपणे सांगायचं तर पहिला लढाईचं बघायचा, दुसरा माणसांचं, चौथा पुरवठ्याचं. तिसऱ्याकडे जहाजं, तोफा, यंत्रं. म्हणजे आजच्या कंपनीच्या भाषेत चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसरच म्हणा ना. फरक एवढाच, की इथे प्रॉडक्ट फसलं तर माणसं बुडतात.

हिशेबनिसापासून सुरुवात

गंमत म्हणजे या पदाचा जन्म तंत्रज्ञानातून झालेला नाही. ‘कंट्रोलर’ हा शब्दच मुळात हिशेबातला. मूळ वही आणि तिची दुसरी प्रत समोरासमोर ठेवून ताळा बघणारा, तो कंट्रोलर. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४६ मध्ये, जहाजं बांधणं आणि सांभाळणं यासाठी जे मंडळ बनलं, त्याला पुढे नेव्ही बोर्ड म्हणू लागले. कंट्रोलर त्यातलाच एक, आणि पुढे तोच त्या बोर्डाचा प्रमुख झाला. जहाजांचे आराखडे मात्र ‘सर्व्हेअर’ नावाचा दुसरा अधिकारी करायचा.

हिशेबनीस तंत्रज्ञानाचा निर्णय कसा घ्यायला लागला, हे बघायचं असेल तर चार्ल्स मिडलटन बघा. हा १७७८ मध्ये कंट्रोलर झाला. तेव्हा ब्रिटन अमेरिकेतल्या बंडाशी झुंजत होतं आणि फ्रान्स, स्पेन, हॉलंड एकेक करून विरोधात उतरत होते. जहाजं कमी, शत्रू जास्त. लाकडी जहाजांची मोठी डोकेदुखी अशी, की तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढतात, वेग मरतो, आणि समुद्री किडे लाकूड पोखरतात ते वेगळंच. मग जहाज गोदीत घ्या, घासा, दुरुस्त करा. तेवढे महिने ते जहाज नसल्यातच जमा.

उपाय माहीत होता: तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. ‘अलार्म’ नावाच्या जहाजावर १७६१ मध्ये तो करूनही बघितला होता. तळ स्वच्छ राहिला, पण लोखंडी खिळे खाऊन गेले. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि लोखंडाचा बळी जातो. हे शास्त्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट दिसली. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद जिथे चुकून मध्येच राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते!

मिडलटनने जुगार खेळला. मध्ये जाड कागद आणि डांबराचा थर द्यायचा आणि सगळ्या आरमाराला तांबं ठोकायचं. दोनतीन वर्षांत बहुतेक लढाऊ जहाजं ‘तांब्याची’ झाली. तीच जहाजं आता जास्त वेगाने आणि जास्त दिवस समुद्रात राहू लागली. पण कागद आणि डांबर हे काही कायमचं औषध नव्हतं, खिळे गंजतच राहिले. शेवटी १७८० च्या दशकात लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आले आणि मग तो प्रश्न सुटला. अर्धवट पिकलेलं तंत्रज्ञान युद्धाच्या गरजेपोटी स्वीकारायचं का? या पदासमोर हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला.

त्याच काळातला एक मुंबईचा धागाही सांगून टाकतो. नेव्ही बोर्डाचे आराखडे फक्त इंग्लंडमधल्या गोद्यांसाठी नसत. ‘त्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधायची ठरली आणि तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजावरून रवाना झाले. १८१२ च्या डिसेंबरात ‘जावा’ला अमेरिकनांनी गाठलं आणि नकाशे जहाजाबरोबर गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. बॅकअप ठेवण्याचं महत्त्व तेव्हाही होतंच म्हणायचं. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ही मुंबईकर नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला बघायला मिळते.

१८३२ मध्ये नेव्ही बोर्ड मोडून काढलं आणि सगळं ॲडमिरल्टीकडे गेलं. कंट्रोलर हे पद गेलं, सर्व्हेअर उरला. वाफेची इंजिनं, लोखंडी चिलखत असे प्रकार आले आणि त्याचं काम इतकं फुगलं की १८६० च्या आसपास त्याच पदाला ‘कंट्रोलर’ हे जुनं नाव परत मिळालं. आणि मग आली ‘कॅप्टन’ची भानगड. इथे जरा थांबू या.

पेपरवाले विरुद्ध इंजिनियर

काउपर कोल्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने फिरत्या बुरुजातली तोफ बनवली होती. कल्पना उत्तम होती. जहाज न वळवता तोफ वळवता येत होती. पण बुरूज जड, म्हणून तो खाली हवा, म्हणून डेक पाण्याच्या जवळ हवा. वर पुन्हा लांबच्या प्रवासासाठी उंच डोलकाठ्या आणि भरपूर शिडं हवीच. कंट्रोलर रॉबर्ट स्पेन्सर रॉबिन्सन आणि मुख्य आरेखक एडवर्ड रीड या दोघांना हे मिश्रण धोक्याचं वाटलं. त्यांनी बुरूजवालं ‘मोनार्क’ बांधलं, पण डेक पाण्यापासून १४ फूट उंच ठेवून.

कोल्सला ते पटलं नाही. त्याने ओरड केली, वर्तमानपत्रं त्याच्या बाजूने उभी राहिली, पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. नवीन कल्पना दाबणारे सरकारी बाबू, असं चित्र रंगलं. (हे आज वाचताना ओळखीचं वाटतं की नाही?) अखेर ॲडमिरल्टीने मान तुकवली: कोल्सने आपल्या मनासारखं जहाज बर्कनहेडच्या लेअर्ड कंपनीत बांधून घ्यावं, जबाबदारी त्यांची. म्हणजे ज्याचं काम तपासणं होतं, त्यालाच बाजूला बसवलं.

‘कॅप्टन’चा डेक पाण्यापासून ८ फुटांवर ठेवायचा होता. बांधताना वजन सातशेहून जास्त टनांनी वाढलं आणि प्रत्यक्षात उंची उरली साडेसहा फूट.

यातला धोका असा. जहाज एका बाजूला कललं की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी त्याला परत उभं ढकलतं. जितकं कलेल तितकी ही ढकल वाढते, पण डेकची कड पाण्याखाली जाईपर्यंतच. पुढे ती कमी व्हायला लागते. ‘मोनार्क’मध्ये ही ढकल ४० अंशांपर्यंत वाढत होती. ‘कॅप्टन’मध्ये २१ अंशांनंतर उतरायला लागायची. आणि वर शिडात वारा भरलेला. शांत समुद्रात हे कळत नाही. आधीच्या सफरी छान झाल्या होत्या, त्यामुळे टीकाकारांची तोंडं बंद झाली होती.

६ सप्टेंबर १८७० च्या दुपारी ताफ्याचे ॲडमिरल मिल्न ‘कॅप्टन’वर गेले तेव्हा कललेल्या बाजूने पाणी डेकवर येत होतं. त्यांना ते बरं वाटलं नाही. मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टर भूशिराजवळ वादळाने जहाज उलटवलं. सुमारे ४८० माणसं गेली, १८ वाचली. कोल्स स्वतः जहाजावर होता, तोही गेला. नौदलमंत्री चिल्डर्सने आपल्या मुलाला मुद्दाम ‘मोनार्क’वरून ‘कॅप्टन’वर आणलं होतं. तोही गेला. ‘मोनार्क’ त्याच ताफ्यात होतं आणि त्याच वादळातून सुखरूप बाहेर पडलं.

कोर्ट मार्शलने स्पष्ट म्हटलं, की लोकमताच्या दबावाखाली आणि कंट्रोलर व त्याच्या खात्याच्या मताविरुद्ध हे जहाज बांधलं गेलं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पितळी फलकावर हा निष्कर्ष कोरलेला आहे. तरीही चिल्डर्सने दोषाचा मोठा वाटा रॉबिन्सन आणि रीडवर टाकला. रीड आधीच राजीनामा देऊन गेला होता. रॉबिन्सनला १८७१ मध्ये पदावरून जावं लागलं. ‘नको’ म्हणणाऱ्याचीच नोकरी गेली! मला विचाराल तर या पदाच्या इतिहासातलं हे सगळ्यात कडू पान.

रॉबिन्सनला १८६९ मध्ये थर्ड लॉर्ड म्हणून मंडळावर जागा मिळाली होती. त्याच्यानंतर काही वर्षं कंट्रोलरला मंडळाबाहेर ठेवलं आणि १८८२ मध्ये परत आत घेतलं. दरम्यान एक चांगलं काम झालं. विल्यम फ्राउडने टॉर्कीला लांब हौद बांधून त्यात जहाजांचे छोटे नमुने ओढून चाचण्या सुरू केल्या. पुढे जहाजाच्या आकाराबद्दलचे वाद आकड्यांवर मिटवायची सोय झाली.

खुर्ची सुटली की फाइल थांबते

१८९० च्या दशकात जॅकी फिशर या खुर्चीत बसला आणि टॉर्पेडो बोटींना पळवून लावणाऱ्या वेगवान ‘डिस्ट्रॉयर’ नौका आल्या. १९०५ मध्ये आलेला हेन्री जॅक्सन तर वायरलेसवर स्वतः प्रयोग केलेला माणूस, मार्कोनीचा समकालीन.

१९०८ ते १९१० कंट्रोलर होता जॉन जेलिको. त्याच्या लक्षात आलं, की आपले चिलखतभेदी गोळे समोरून सरळ आपटले तर ठीक, पण दूरवरून मारलेला गोळा तिरका येतो, तेव्हाचं काय? १९१० मध्ये त्याने तिरक्या माऱ्यातही चिलखत भेदून आत जाऊन फुटेल असा गोळा मागितला. त्या वर्षअखेर त्याची बदली झाली. पाठपुरावा कोणी केला नाही. मे १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचा सेनापती कोण होता? जेलिकोच. आणि त्याचे गोळे जर्मन चिलखतावर आपटून आत शिरण्याआधीच फुटत किंवा तुटत होते. सुधारलेले गोळे ताफ्याला मिळेपर्यंत १९१८ उजाडलं.

उलट उदाहरण रेजिनाल्ड हेंडरसनचं. १९३० च्या दशकात त्याने विमानवाहू नौकांच्या उड्डाणपट्टीलाच तीन इंची चिलखत द्यायचा आग्रह धरला. किंमत मोठी होती: वजनामुळे विमानं बरीच कमी मावणार. ‘इलस्ट्रियस’ एप्रिल १९३९ मध्ये पाण्यात उतरली, तिचं जलावतरण त्याच्या पत्नीच्या हस्ते झालं. पुढच्याच महिन्यात हेंडरसन वारला. जानेवारी १९४१ मध्ये माल्टाजवळ जर्मन विमानांनी ‘इलस्ट्रियस’वर बॉम्बमागून बॉम्ब टाकले. पेटलेली, वाकडीतिकडी झालेली नौका तशीच बंदरात पोचली. विमानं कमी घेण्याचा तो निर्णय बरोबर होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण तो कोणाचा होता, यावर वाद नाही.

१९६४ मध्ये ॲडमिरल्टी संपून संरक्षण मंत्रालयात विलीन झाली. तिन्ही दलांची खरेदी हळूहळू एकत्र होत गेली, आणि २००७ पासून ब्रिस्टलजवळच्या ॲबी वूडमधली एक मोठी संयुक्त संस्था ते काम बघते. जहाजाचा निर्णय आता समित्या, कंत्राटदार आणि मंत्रालयात विभागलेला असतो.

आपल्या नौदलातही हे नाव पोचलं आहे. दिल्लीच्या नौदल मुख्यालयात ‘कंट्रोलर ऑफ वॉरशिप प्रॉडक्शन अँड ॲक्विझिशन’ हे व्हाइस ॲडमिरल दर्जाचं पद आहे. माझगाव डॉकमध्ये किंवा कोचीला एखादी नवी युद्धनौका बांधायला घेतात, तेव्हा तिची फाइल त्याच टेबलावरून जाते.