चिप कोसळते तेव्हा कारण लिहून ठेवते

ईएसपी32 ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप करंगळीच्या नखावर मावते. तिच्यात 240 मेगाहर्ट्झपर्यंत धावणारे दोन प्रोसेसर, वायफाय आणि ब्लूटूथ सगळं आहे. डीप स्लीपमध्ये ती जेमतेम 10 मायक्रोअँपिअरवर पडून राहते, आणि वायफायवरून पूर्ण ताकदीने पाठवायला लागली की 240 मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. म्हणजे चोवीस हजार पट! झोपेतून उठून एवढी उडी मारणारं यंत्र मधूनच बंद पडून आपलं आपण पुन्हा सुरू होतं, याचं नवल वाटायला नको. नवल पुढेच आहे.

विजेच्या वाटेत, म्हणजे बारीक केबलमध्ये किंवा म्हाताऱ्या सेलमध्ये, दोन ओहमचा रोध असला तरी त्या क्षणी जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. खालच्या मजल्यावर कोणी मोठा नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसंच हे. मल्टिमीटर लावून पाहिलं तर काटेकोर 3.3 व्होल्ट दिसतात, कारण ती घसरण पकडण्याइतका तो चपळ नसतो. ऑसिलोस्कोप लावला की खड्डा दिसतो, आणि तो नेमका रेडिओ बोलायला लागतो तिथेच असतो. वायफाय बंद ठेवून तासन्‌तास बिनबोभाट चालणारा बोर्ड वायफाय सुरू होताच कोसळतो तो यामुळे.

व्होल्टेज ठरावीक रेषेखाली गेलं की चिपमधला ब्राउनआउट डिटेक्टर स्वतःहून रिसेट करतो. भुकेला प्रोसेसर शून्याचा एक वाचू शकतो, फ्लॅशमध्ये भलतंच लिहू शकतो. त्यापेक्षा थांबणं बरं. एका ओळीत हा डिटेक्टर बंद करता येतो आणि पुष्कळ जण तेच करतात. माझ्या मते ही सगळ्यात वाईट दुरुस्ती आहे. दुखणं तसंच राहतं, फक्त ते सांगणारा गप्प होतो.

आणि इथे सांगणारे बरेच आहेत. पुन्हा जागी झालेली चिप विचारल्यावर आपण का कोसळलो ते सांगते: वीज आत्ताच आली, व्होल्टेज घसरलं, प्रोग्रॅमने निषिद्ध पत्त्याला हात लावला, की वॉचडॉगने उठवलं. वॉचडॉग म्हणजे स्वतंत्र चालणारं घड्याळ. प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळेत त्याला हजेरी दिली नाही, तर तो अडकला असं समजून घड्याळ रिसेट करतं. ईएसपी32 च्या आधीच्या ईएसपी8266 मध्ये तुमचा प्रोग्रॅम आणि वायफाय यांना मिळून एकच प्रोसेसर असतो. एखादं लूप तीन-चार सेकंद कोणालाच वाव न देता फिरत राहिलं, की वॉचडॉग येतोच.

मला सगळ्यात भावते ती अशा चिपवर कामं वाटून देणाऱ्या फ्रीआरटॉस या प्रणालीची युक्ती. प्रत्येक टास्कची, म्हणजे कामाची, स्टॅक-मेमरी ती आधीच ए5 या खुणेने भरून ठेवू शकते. टास्क चालत जाते तशा खुणा पुसल्या जातात. नंतर उरलेल्या खुणा मोजल्या की पाणी कुठवर चढलं होतं, म्हणजे स्टॅक किती भरला होता, ते कळतं.

अशाच अवचित रिसेटांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मंगळावर घडली. 4 जुलै 1997 ला नासाचं मार्स पाथफाइंडर तिथे उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून रिसेट होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जाई. यानात व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली होती. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी प्राधान्याचं काम एक कुलूप क्षणभर धरून ठेवी. तेच कुलूप हवं असलेलं, माहिती वाटणारं वरच्या प्राधान्याचं काम थांबून राही. इथवर ठीक. पण त्याच वेळी मधल्या प्राधान्याची लांबलचक कामं आली, की ती खालच्याला बाजूला सारून धावत. खालचा कुलूप सोडू शकत नसे आणि वरचा ताटकळत राही. माहितीच्या वहनाचं वेळापत्रक सेकंदाला आठ वेळा फिरत होतं. पुढची फेरी आली तरी मागचं काम संपलेलं नाही, हे दिसताच यान स्वतःला रिसेट करी.

जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्लेन रीव्ह्‌ज यांच्या चमूने यानाच्या पृथ्वीवरच्या जुळ्या प्रतीवर प्रत्येक कामाची नोंद चालू ठेवून तोच प्रकार घडवून आणला. उपाय कुलपातच होता: कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य द्यायचं. ही सोय व्हीएक्सवर्क्समध्ये आधीपासून होती, त्या कुलपापुरती बंद होती. ती चालू करणारा छोटा बदल रेडिओने पाठवला. संदेशाला तिथे पोचायला दहा मिनिटं लागत. त्यानंतर त्या कारणाचे रिसेट थांबले.

हे साधलं, कारण नोंद ठेवणारा कोड उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकलेला नव्हता. तुमच्या टेबलावर एखादा बोर्ड असेल, तर प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत रिसेटचं कारण छापा, आणि यंत्र घराबाहेर पडलं तरी ती ओळ काढू नका.